अठ्ठावन्न

ऑक्टोबरात इथेही मळीचा वास येतो.
ऊस नाही, बीट: मातीने माखलेली,
ट्रकमधून वळणावर घरंगळणारी.
नेब्रास्काच्या या टोकाला मी भूमिती शिकवते
आणि दर गुरुवारी, शेवटच्या तासानंतर,
कोच हॉफर्ट यादी घेऊन दारात उभे राहतात.

साठच्या खाली असेल तो शुक्रवारी खेळत नाही.
नियम शाळेचा.
गावाचं म्हणणं, नियम बीटासारखा असतो,
माती झटकून घ्यायचा.

ब्राइस ट्रुहीयो. अठ्ठावन्न.
हा पोरगा चेंडू काखेत मारून पळाला
की पेट्रोल पंपावरचे म्हातारे
आठवडाभर बोटाने हवेत रेघा काढत
तो कुठून कसा निसटला ते सांगत बसतात.
(या खेळाला फुटबॉल का म्हणायचं
हे आठ वर्षांत मला कुणी पटवून दिलेलं नाही.)

मी पेपर पुन्हा काढला.
तिसऱ्या प्रश्नात आकृती बरोबर,
सिद्धता अर्ध्यावर सोडलेली.
दोन मार्क तिथे सहज मावले असते.

अण्णा कारखान्याच्या वजनकाट्यावर होते,
सत्तावीस गळीत हंगाम.
एकदाच मामाच्या गाडीला दोन क्विंटल जास्त लिहिले
आणि मग पाडव्यापर्यंत मामाशी बोलले नाहीत,
जणू चूक त्याचीच.

कोचनी पेपर मागितला नाही.
न सांगता माझा फळा पुसला,
कोपऱ्यातली कालची तारीखसुद्धा.
"तर मग अठ्ठावन्न," म्हणाले,
आणि खडूचे हात पँटला पुसत गेले.

शुक्रवारी ब्राइस जर्सीत होता, हेल्मेटशिवाय.
नववीतल्या एका पोराबरोबर
पाण्याच्या बाटल्या वाटत होता.
किक झाली की मैदानात जाऊन
तो प्लास्टिकचा छोटासा टी उचलून आणायचा,
रात्रभरात धाव काय ती एवढीच.
तीही तो जीव तोडून धावला.
चौदा-सतरा. हरलो.

शनिवारी दुकानातल्या रांगेत
मागची बाई माझ्या भेंड्यांकडे बघत म्हणाली,
"तीनच तर पॉइंट होते."
मी सुटे मोजत राहिले.
घरी येऊन, भेंडी चिरताना सुचलं:
दोनच तर मार्क होते.

सोमवारी पावणेसातला दारावर टकटक.
ब्राइस, आणि त्याच्यामागे लाइनवरचे तिघे,
कपाटाएवढे, झोपेत, एकाच्या हातात डोनटचा खोका.
"कोचनी पाठवलं?"
"नाही."
आणि बुटांकडे बघत एकजण:
"त्यांना सांगू नका, मिस खराडे."

त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत
भिंतीवर जिद्दीबद्दल एक वाक्य आहे,
त्यातली दोन अक्षरं कधीच गळून पडलीत.
खाली झाडू मारायचं काम मात्र बारावीच्याच पोरांचं,
ते कोच कुणाला चुकू देत नाहीत.

ब्राइसने तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं.
"हे काय असतं?"
"म्हणून," माझ्या तोंडून मराठीतच गेलं,
मग इंग्रजीत सांगितलं.
वरचं सगळं खरं असेल तरच लिहायचे.
तो बराच वेळ वरचं सगळं बघत राहिला.

पुढच्या चाचणीत एकसष्ट.
मी बेरीज तीनदा केली.

त्या शुक्रवारी तो खेळला.
चार यार्डांवर असताना चेंडू हातातून निसटला
आणि आम्ही पुन्हा हरलो.
हात मिळवायच्या रांगेत तो शेवटी होता,
समोरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत.
पोरं मनगटाच्या पांढऱ्या पट्टीवर काहीबाही लिहितात:
मैत्रिणीचं नाव, गेलेल्या आजोबांचा नंबर.
कठड्याजवळून जाताना त्याची पट्टी दिसली.
तीन ठिपके. घामाने पसरून
जवळजवळ एकच झालेले.

मी काही बोलले नाही, त्यानेही पाहिलं नाही.
स्टेडियममागून बीटाचा एक ट्रक गेला,
आवाजावरून मी वजनाचा अंदाज बांधला.
अण्णांची सवय.